आज घड्याळ समुद्राचं!

मित्रांनो, सहलीला निघताना तुमच्या घरी पहिला प्रश्न कोणता विचारतात? ‘डबा घेतला का?’, ‘टोपी कुठाय?’ की ‘किती वाजता पोचायचं?’

माझ्या ताईच्या घरी हा तिसरा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. त्याला कारण आमचे भाऊजी! भाऊजींना वेळापत्रकाशिवाय चैन पडत नाही. सहल दोन दिवसांची असली तरी कागदावर ती पंधरा-पंधरा मिनिटांत कापलेली असते. ‘सात ते नऊ जंगल, साडेनऊ ते अकरा समुद्र, साडेअकरा ते दीड किल्ला, दीड ते दोन जेवण...’ मग दिवसभर सगळ्यांच्या मागे एकच धोशा, “चला, चला, आवरा!” संध्याकाळी घरी आल्यावर सगळं पाहून झालेलं असतं आणि काहीच पाहिल्यासारखं वाटत नसतं. तुमच्या घरीही असं होतं का? (बाबांना हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवा. पण जरा लांब बसून!)

गेल्या माघात आम्ही पाच जण रायगड जिल्ह्यातल्या नांदगावला गेलो होतो. ताई, भाऊजी, सातवीतला भाचा, पाचवीतली भाची आणि मी, म्हणजे त्यांचा मामा. नांदगाव अलिबागहून मुरूडला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तिथे भाऊजींचे एक चुलते राहतात. निवृत्त शाळामास्तर. मुलं त्यांना आजोबा म्हणतात. रात्री जेवणं झाल्यावर भाऊजींनी खिशातून कागद काढला आणि दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक वाचून दाखवलं. आजोबांनी ते शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले,

“सगळं लिहिलंस. पण समुद्राला विचारलंस का?”

तिथीचा पाढा

भाऊजी चकित झाले. “समुद्राला काय विचारायचं, काका? तो काय कुठे जाणार आहे?”

“तेच तर! तो जातो आणि परत येतो. दिवसातून दोनदा. तू पोरांना काशीदच्या खडकांवर साडेनऊला नेणार. पण उद्या द्वादशी. साडेनऊला तिथे खडक दिसायचेच नाहीत. सगळे पाण्याखाली!”

“द्वादशीचा आणि खडकांचा काय संबंध?” भाच्यानं विचारलं.

झालं! मास्तर जागे झाले. त्यांनी भाचीला जवळ बोलावलं. “द्वादशी म्हणजे कितवी तिथी?”

“बारावी.”

“बाराची पाऊणपट किती?”

भाचीनं बोटं मोजली. “नऊ!”

“शाब्बास! म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे कधी?”

“तीन वाजता!” भाचा ओरडला.

मित्रांनो, ही कोकणातली जुनी युक्ती. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळाली! चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकराला. शुद्ध पक्ष असो की वद्य पक्ष, हिशेब तोच. दिवसाची एक भरती आणि रात्रीची एक. घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी छापलेली असतेच. मग काय, नुसता पाढा यायला हवा!

पण हे खरं कसं ठरतं? भरती-ओहोटी होते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. थोडा वाटा सूर्याचाही असतो. आज चंद्र ज्या वेळी डोक्यावर आला, त्याच्यापेक्षा उद्या तो सुमारे पन्नास मिनिटं उशिरानं येतो. त्यामुळे भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात. रोजची पन्नास मिनिटं म्हणजे ढोबळमानानं पाऊण तास. तीच ती पाऊणपट!

“मात्र हा हिशेब ढोबळ हं,” आजोबा म्हणाले. “आमच्या या किनाऱ्यावर खरी भरती त्यापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरानंच येते. म्हणजे उद्याची ओहोटी साडेतीन ते चारच्या मधे धरा.”

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप उतरते. त्याला म्हणतात उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात असते. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्याला म्हणतात भांग. डोक्यावरचा भांग वेगळा, बरं का!

एव्हाना भाचीनं भाऊजींचा कागद घेऊन त्यावर पेन्सिलीनं खाडाखोड सुरू केली होती. नवं वेळापत्रक तीन ओळींचं झालं: सकाळी जंगल. दुपारी जेवण. अडीचनंतर समुद्र.

“आणि जंजिरा?” भाऊजींनी काकुळतीनं विचारलं.

“जंजिरा तीनशे वर्षं कुणाच्या हाती लागला नाही,” आजोबा हसून म्हणाले, “तो तुझ्यासाठी आणखी एक दिवस थांबेल!”

शेकरूला वेळ द्या

सकाळी आम्ही जीपनं सुपेगावला पोचलो. फणसाड अभयारण्यात जाण्याची वाट इथूनच आहे. हे अभयारण्य मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरांत पसरलेलं आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. १९८६ साली ते अभयारण्य झालं. जिथे बंदुकीचे बार व्हायचे, तिथे आता मोठ्यानं बोलायचीसुद्धा बंदी!

प्रवेशाचे पैसे भरले आणि गावातलाच एक तरुण वाटाड्या म्हणून बरोबर घेतला. मुलं त्याला लगेच ‘दादा’ म्हणू लागली. दादानं आधी नियम सांगितले. रांगेत चालायचं. पाऊलवाट सोडायची नाही. काही तोडायचं नाही, काही टाकायचं नाही. आणि काही उचलायचंही नाही.

वाट मोठी सोपी होती. चढ होता, पण दम लागावा असा नाही. दोन्ही बाजूंना ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी. ऐनाचं झाड ओळखायला सोपं. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी असते, चौकोनी-चौकोनी खवल्यांची. भाचीनं पहिल्या झाडाला हात लावून पाहिला आणि मग वाटेतला प्रत्येक ऐन तीच आधी ओळखू लागली. कुठून तरी कुटुर्गा पक्ष्याचा ‘कुटुर्र, कुटुर्र’ आवाज एकसारखा येत होता. समुद्र कुठे दिसत नव्हता, पण वाऱ्याला त्याचा खारट वास होता.

अर्धा तास झाला. भाऊजींनी मनगटाकडे पाहिलं. “अजून काहीच दिसलं नाही!”

दादा थांबला. वर बोट दाखवून म्हणाला, “साहेब, ते घरटं बघा. शेकरूचं. इथे जरा बसू. शेकरूला वेळ दिला की शेकरू दिसतं.”

उंच झाडाच्या फांदीत काटक्या-पानांचा मोठा गोळा अडकवल्यासारखा दिसत होता. आम्ही खाली बसलो. गप्प. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी भाची तोंडावर हात ठेवून बसली होती. आणि एकदम वर पानांत सळसळ झाली. तांबूस-तपकिरी अंग, फिकट पोट आणि ती शेपटी! झुबकेदार, अंगापेक्षाही लांब. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फुटांची ती खार एका फांदीवरून हवेत झेपावली आणि चांगल्या दहा-बारा फुटांवरच्या दुसऱ्या झाडावर उतरली. फांदी झुलली, पानं हलली आणि शेकरू दिसेनासं झालं.

शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं सगळं झाडावर. एक शेकरू एकाहून जास्त घरटी बांधतं. म्हणजे त्याला एक झाड पुरत नाही. फांदीला फांदी लागलेलं सलग जंगल हवं. मधली झाडं गेली तर शेकरूचा रस्ताच तुटला!

असा तुटलेला रस्ता पुढे पाहायला मिळाला. एक मोठं झाड मुळांसकट उपटून आडवं पडलं होतं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचं चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. गावांतली छपरं उडाली, वाड्यांतल्या माडा-पोफळी कोलमडल्या. “हेही तेव्हाच पडलं,” दादा म्हणाला. पण गंमत पाहा, ते झाड पडल्यामुळे वर आभाळाला भोक पडलं होतं आणि तिथून ऊन थेट जमिनीवर येत होतं. त्या उन्हात कितीतरी कोवळी रोपं वर येत होती. कुणी माझ्या गुडघ्याएवढी, तर कुणी भाचीच्या खांद्याएवढी. जंगल आपला रस्ता पुन्हा जोडायला लागलं होतं. सावकाश, पण नक्की.

समुद्राचा प्रवासी

थोडं पुढे गेल्यावर भाचा ओरडला, “मामा, अजगर!”

अजगर नव्हता. होता गारंबीचा वेल. पण भाच्याचं काही चुकलं नाही. माणसाच्या मांडीएवढा जाड, पिळे पडलेला, एका झाडावरून खाली येऊन दुसऱ्या झाडावर चढलेला. ही गारंबी फणसाडची खास ओळख. वेल राक्षसी तशी शेंगही राक्षसी! वर एक शेंग लटकत होती, चांगली मीटरभर लांब. आपण खातो त्या वालपापडीच्याच कुळातली ही, सांगून खरं वाटेल का?

शेंगेचं एक बी वाटेवर पडलेलं होतं. गोल, चपटं, गुळगुळीत, चॉकलेटच्या रंगाचं. भाचीच्या तळहातावर ते बरोबर मावलं.

“हे बी पोहतं,” दादानं सांगितलं.

बीचं कवच अतिशय कठीण असतं आणि आत पोकळी असते. म्हणून ते पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात ओढे भरले की अशी बिया ओढ्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात जातात. खाऱ्या पाण्यात महिनोन् महिने तरंगूनही बी जिवंत राहतं. गारंबीच्या कुळातली बिया सागरी प्रवाहांबरोबर हजारो किलोमीटर दूरच्या किनाऱ्यांना लागलेली सापडली आहेत. म्हणजे डोंगरातला वेल, पण त्याच्या पोरांचा प्रवास बोटीसारखा!

भाचीनं बी मुठीत घट्ट धरलं. “मी घरी नेऊ?”

दादा काही बोलला नाही. नुसता तिच्याकडे पाहत राहिला. ताईनं तोंड उघडलं, पण मी तिला खुणेनं थांबवलं. भाचीनं मूठ उघडली, बीकडे एकदा पाहिलं, एकदा उतारावरच्या कोरड्या ओढ्याकडे पाहिलं.

“पावसात याला जायचं असेल ना?” ती म्हणाली आणि जिथून उचललं होतं तिथेच तिनं ते ठेवून दिलं.

परतताना आम्ही एका पाणवठ्यापाशी थांबलो. इथे पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. काठच्या चिखलात खुरांचे ठसे उमटले होते. “सांबर. पहाटे पाणी पिऊन गेलं,” दादा म्हणाला. आम्ही पोचेपर्यंत नऊ वाजून गेले होते. सांबराची पाण्याची वेळ उजाडताना आणि अंधारताना. भाचा म्हणाला, “म्हणजे जंगलालाही घड्याळ असतं!” भाऊजी या वेळी काही बोलले नाहीत.

पाणी हटतं तेव्हा

दुपारी आजोबांकडे तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि अलिबागचा गोडसर पांढरा कांदा असा बेत होता. त्यावर सोलकढी. जेवून, ओटीवर आडवं होऊन, अडीचच्या सुमाराला आम्ही काशीदला पोचलो.

काशीदची पांढरी पुळण प्रसिद्ध आहे. मोठ्ठी, लांबच लांब, आणि टोकांना डोंगराच्या सोंडा समुद्रात उतरलेल्या. सुट्टीच्या दिवशी इथे माणसांची जत्रा असते. आम्ही मधल्या वारी गेलो होतो म्हणून जरा निवांत होतं. गर्दी टाळून किनाऱ्याच्या टोकाकडे चालत गेलो. सकाळी येताना जीपमधून पाहिलं होतं, तेव्हा लाटा पार वरपर्यंत आल्या होत्या. आता तिथे काळ्या खडकांचं पठारच उघडं पडलं होतं. कुणी तरी समुद्रावरची चादर ओढून काढावी तसं!

पहिली गंमत ओल्या वाळूवरच दिसली. मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी! प्रत्येक रांगोळीच्या मधोमध एक छोटं भोक. हे काम बोटाच्या नखाएवढ्या खेकड्याचं. तो वाळू तोंडात घेतो, तिच्या कणांना चिकटलेलं बारीकसारीक खाद्य खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो. पाणी उतरलं की जेवायला बसायचं आणि भरती यायच्या आत पान आवरून बिळात जायचं. वेळ चुकवून चालत नाही!

खडकांवर गेल्यावर तर मुलं उठेचनात. नीट पाहिलंत तर या खडकांवर मजले असतात. सगळ्यांत वरचा मजला कोरडा. तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगायी दार बंद करून, म्हणजे शंखाचं झाकण लावून, भरतीची वाट पाहत चिकटलेल्या. मधल्या मजल्यावर कालवं. त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात, म्हणून अनवाणी पाय ठेवायचा नाही. आणि सगळ्यांत खालच्या मजल्यावर, खडकांच्या खोलगट भागांत साचलेली पाण्याची डबकी. जणू समुद्रानं जाताना मागे ठेवलेल्या परडया!

अशा एका डबक्याशी भाचा पालथा पडून राहिला. पहिली दोन मिनिटं नुसतं पाणी. मग दिसलं, एक शंख चालतोय! रिकाम्या शंखात घर करून राहणारा खेकडा होता तो. अंग वाढलं की तो मोठा शंख शोधतो आणि चटकन बिऱ्हाड बदलतो. म्हणून रिकामे शंख पिशव्या भरभरून घरी आणायचे नाहीत. आपल्यासाठी ती शोभेची वस्तू, पण कुणाचं तरी ते उद्याचं घर! डबक्याच्या कडेला समुद्रफूल होतं. नाव फूल, पण आहे तो प्राणी. पाकळ्यांसारख्या दिसतात त्या त्याच्या भक्ष्य पकडणाऱ्या शुंडा. एक चिमुकला मासा जवळून गेला मात्र, पाकळ्या हलल्या. आम्ही हात लावला नाही. अनोळखी शंखाला, फुलाला, बुळबुळीत गोळ्याला हात लावू नये. काहींना विषारी डंख असतो.

वर कुरव पक्षी घिरट्या घालत होते. हे आपले हिवाळी पाहुणे. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव तर लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठून येतात. हिवाळ्यात मात्र त्यांचं डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका उरतो. तेव्हा नावावर जाऊ नका!

वाळूत रोवलेली काडी

एक गोष्ट सांगायची राहिली. भाच्यानं येताना माडाच्या झावळीचा एक हीर आणला होता. साडेतीन वाजता त्यानं तो खडकांजवळच्या वाळूत, पाण्याच्या कडेला रोवला. लाटा तर सारख्या पुढे-मागे होतात, मग पाणी चढतंय की उतरतंय हे कळणार कसं? त्यानं युक्ती केली. दहा लाटा मोजायच्या आणि त्यांतली सगळ्यांत पुढे येणारी कुठवर आली ते पाहायचं. मग थोडा वेळ डबकी पाहायची, आणि परत दहा लाटा.

सव्वाचार झाले. ऊन उतरलं होतं, वारा छान सुटला होता. भाऊजी आता अगदी रंगात आले होते. डोंगराच्या सोंडेकडे बोट दाखवून ते म्हणाले, “चला, त्या टोकाला वळसा घालून पलीकडे काय आहे ते पाहून येऊ. खडक उघडे आहेत तोवर! वीस मिनिटं जायला, वीस यायला.”

भाची उड्या मारायला लागली. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू? समुद्र इतका शांत दिसत होता! पण भाचा जागचा हलला नाही.

“बाबा, नको.”

“का रे? घाबरलास?”

“घाबरलो नाही. काडी बघा.”

आम्ही पाहिलं. मघाशी लाट काडीला शिवत नव्हती. आता दहांतल्या तीन लाटा तिच्या पुढे जात होत्या. समुद्र वळला होता.

“अरे, पण किती हळू चढतंय!” भाऊजी म्हणाले.

“आजोबा म्हणाले, तेच फसवतं.”

मित्रांनो, हे नीट वाचा. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. समजा, ओहोटी आणि भरतीच्या पातळीत ३ मीटर ६० सेंटीमीटरचा फरक आहे. तर पहिल्या तासात पाणी साधारण ३० सेंटीमीटर चढतं. दुसऱ्या तासात ६०. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ९०-९०! मग पाचव्यात ६० आणि सहाव्यात ३०. म्हणजे सुरुवातीला पाणी इतकं हळू येतं की ‘अजून खूप वेळ आहे’ असं वाटतं. आपण पुढे जातो, आणि परत फिरतो तेव्हा तेच पाणी तिप्पट वेगानं चढत असतं. त्यात खडकांमधल्या सखल वाटा आधी भरतात. पुढे पाणी, मागे पाणी आणि आपण मधे.

भाऊजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग काडीकडे पाहिलं. मग मुलाकडे.

“चल,” ते म्हणाले, “मागे फिरू.”

आम्ही खडकांवरून उतरून वरच्या कोरड्या वाळूत, सुरूच्या झाडांजवळ जाऊन बसलो. भडंग खात पाहत राहिलो. पाच वाजता काडी गेली. साडेपाचला समुद्रफुलाचं डबकं गेलं. पावणेसहाला, ज्या खडकांवरून आम्ही टोकाला वळसा घालणार होतो, तिथे पांढरा फेस उसळत होता. कुणी काही बोललं नाही. ताईनं भाच्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला.

ही गोष्ट भीती घालायला लिहिलेली नाही. पण मोठ्यांनीही वाचावी म्हणून लिहितो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी इथून जवळच, मुरूडच्या समुद्रात बुडाले. हसत-खेळत आलेली मुलं होती ती. पाणी चढतं तसंच ते ओसरतानाही ओढून नेतं आणि त्याची ओढ वरून दिसत नाही. म्हणून नवख्या किनाऱ्यावर पाण्यात शिरण्याआधी तिथल्या माणसांना विचारायचं. आणि ते ‘नको’ म्हणाले की तो शब्द शेवटचा. त्यात कमीपणा कसला?

दोन दिवे

सहा वाजून गेले. सूर्य पाण्याला टेकायला आला. सगळे तिकडे पाहत होते. इतक्यात भाची पाठ फिरवून म्हणाली, “मामा, तिकडे बघ!”

पूर्वेला, सकाळी आम्ही जिथे फिरलो त्या बाजूच्या डोंगरांवर, द्वादशीचा चंद्र चांगला वर आला होता. अजून पांढुरका, कापसासारखा. एकीकडे मावळता सूर्य, दुसरीकडे चढता चंद्र, आणि मधे भरतीचा समुद्र.

“हेच ते घड्याळवाले!” भाचा म्हणाला. “एक मोठा काटा, एक छोटा काटा.”

घरी परतल्यावर आजोबांनी विचारलं, “काय काय पाहिलंत?” मुलांनी मोजायला सुरुवात केली. एक शेकरू, एक वेल, एक बी, सांबराचे ठसे, खेकड्याची रांगोळी, एक समुद्रफूल... यादी छोटीच होती. पण प्रत्येक गोष्टीबद्दल सांगायला त्यांच्याकडे इतकं होतं की जेवणाची ताटं वाळून गेली.

भाऊजींचं काय? त्यांनी खिशातून कोरा कागद काढला होता. मी डोकावून पाहिलं. वर लिहिलं होतं, ‘उद्या’. खाली लिहिलं होतं, ‘त्रयोदशी. तेराची पाऊणपट = ?’

तुम्ही सांगा पाहू उत्तर!

निघण्याआधी एवढं लक्षात ठेवा

• आदल्या दिवशी तिथी पाहा, पाऊणपट करा, आणि ती वेळ तिथल्या कोळीबांधवांना किंवा गावकऱ्यांना विचारून पक्की करा. त्यांचं उत्तर आपल्या गणितापेक्षा खरं.

• खडकांवर पाणी उतरत असताना जा. पूर्ण ओहोटीची वेळ झाली की परतायला लागा. पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवशी खडकांवर जाऊच नका.

• मोठ्या माणसाशिवाय पाण्यात आणि खडकांवर जायचं नाही. मोठ्या माणसांनीही एकटं जायचं नाही.

• तळ न घसरणारे बूट, टोपी, पाण्याची बाटली, एक शिटी आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी बरोबर घ्या.

• अभयारण्यातून पान, बी, पीस काहीही आणू नका. किनाऱ्यावरून जिवंत किंवा रिकामे शंखही नकोत. चित्र काढा, वहीत लिहा.

• उचललेला दगड होता तसाच परत ठेवा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं.

• एका दिवसात एक जंगल आणि एक किनारा पुष्कळ झाला. उरलेलं पुढच्या तिथीला!